खडकाचा सातबारा

माझा स्वभाव संशयी आहे. लपवण्यात काही अर्थ नाही. भाजीवाला काट्यावर हात ठेवतोय असं नुसतं वाटलं तरी मी फेरी मारून त्याच्या बाजूला जाऊन उभी राहते. दुकानदार गोड बोलला की मी पिशवीतल्या पुड्याची तारीख वाचते. आई म्हणते, "जन्मली तेव्हा हिला नर्सवर पण संशय आला असेल." म्हणू दे. एकदा तरी मी खोटी ठरले का, असं मी विचारते, आणि आई कपाळावर हात मारून आत जाते.

पण माझा एकटीचा काय दोष? वाढले बोईसरला. आम्ही मूळचे सांगलीकडचे, वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर. त्या कारखान्यात पिंपांवर नावं नसायची, नुसती अक्षरं आणि आकडे. आपण नक्की काय बनवतो हे वडिलांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सुटताना गेटवर वॉचमन म्हणायचा, "डिब्बा खोलो." वडील रिकामा डबा उघडून दाखवायचे. आई चिडायची, "डब्यातून काय रंग चोरणार तुम्ही?" वडील म्हणायचे, "रंग नाही गं. कागद." तेव्हापासून मला माहीत आहे, की पोळीच्या घडीत मावेल एवढ्या कागदाला माणसं घाबरतात.

म्हणून पालघरला लॉ कॉलेजात तिसऱ्या वर्षी बौद्धिक संपदेचा पेपर आला तेव्हा मला वाटलं, हा विषय माझ्यासाठीच काढलाय. बाकीची पोरं कंटाळायची. त्यांना खून, घटस्फोट, जामीन असलं चमचमीत हवं असायचं. मी पुढच्या बाकावर. शिकवायला येणारे सर सकाळी कोर्टात वकिली करायचे आणि दुपारी काळा कोट हातावर टाकून वर्गात यायचे. पेटंट, ट्रेडमार्क, कॉपीराइट. माणसाच्या डोक्यातून निघालेल्या गोष्टीला मालक असतो आणि ती कुणीतरी उचलायला टपलेलं असतं, हे विद्यापीठाच्या पुस्तकात छापलेलं बघून मला कोण आनंद झाला! मी काही वेडी नव्हते तर.

मग काय, मला जिकडं तिकडं चोर दिसायला लागले. नोट्स झेरॉक्सला दिल्या तर मशीन बंद होईपर्यंत मी तिथंच उभी. कुणी माझ्या वहीत डोकावलं की मी पान उलटायची.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी सातपाटीची. आई पालघरच्या बाजारात मासे विकायची, वडील आणि दोन काका एकाच बोटीवर. ही घरातली पहिली पदवीधर होणार होती. हसरी, बडबडी. मला 'इन्स्पेक्टर' म्हणायची. डब्यात सुकट आणायची, तांदळाची भाकरी आणायची आणि अर्धी मला द्यायची. मी एकदा विचारलं, "आज एवढं प्रेम कशासाठी?" ती म्हणाली, "तुज्या पोटात विष कालवायचंय म्हणून. खा गप." मी खाल्लं. माझी तेवढी एकच मैत्रीण होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

सरांनी प्रोजेक्ट सांगितलं. आपल्या भागातलं असं काही ज्ञान शोधा, जे कुणाच्या तरी मालकीचं आहे पण ज्याची कागदोपत्री नोंद नाही. मला विषयच सुचेना. आमच्या बोईसरच्या कॉलनीत सगळे बाहेरून आलेले, ज्ञान कसलं, प्रत्येकाकडं आपापल्या गावची लोणच्याची बरणी. मैत्रीण म्हणाली, "रविवारी घरी ये. माशे खा, विषय पण मिळंल."

गेले. बोटीचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं, त्यामुळं तिचे बाबा घरी होते. अंगणात जाळं शिवत बसलेले. मी त्यांना काका म्हणायची. बोलता बोलता त्यांनी खडकाचं सांगितलं.

खोल पाण्यात एक खडक आहे. वरून काही दिसत नाही. त्याच्या आसपास वर्षातले थोडेच दिवस घोळ मासा येतो. मोठा, महागाचा मासा, त्याच्या पोटातल्या फुग्याला परदेशात मागणी. तेवढ्या दिवसांवर तीन भावांची घरं तरतात. तो खडक त्यांच्या आज्यानं शोधला. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागं एक आल्या की एक रेघ, दुसऱ्या दोन आल्या की दुसरी रेघ. रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं गळ सोडायचा. हे तीन भावांशिवाय कुणालाच माहीत नाही. बोटीवर जागा दाखवणारं यंत्र आहे, पण खडक जवळ आला की ते बंद करतात.

"का हो काका?"

"मशीन दुरुस्तीला जातं ना बाय. त्याच्याबरोबर खडक पण जायाचा."

मी अक्षरशः उडालेच! माझ्यापेक्षा संशयी माणूस मला पहिल्यांदा भेटत होता. पुस्तकात व्यापारी गुपितावर आख्खं प्रकरण आहे, आणि इथं लेंगा वर खोचून बसलेला माणूस ते जगून दाखवत होता. मी वही काढली. काका थबकले.

"लिवते कशाला?"

आणि इथं मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हणाले, "काका, कायद्यानं तुमच्या खडकाचं रक्षण होऊ शकतं. एकदा कागदावर आलं ना, की तो तुमचाच. कुणी हात लावू शकणार नाही."

काकांनी सुई खाली ठेवली. "सातबाऱ्यासारखं?"

मी म्हणाले, "तसंच."

काहीही! एक पेपर शिकत होते, तोही अर्धाच झाला होता. पण लॉ कॉलेजची पोरगी सांगतेय म्हटल्यावर त्या माणसाचा विश्वास बसला. त्या लोकांनी आयुष्यभर ऐकलं होतं, की जमीनवाल्यांकडं कागद असतो आणि समुद्रावर जाणाऱ्यांकडं काहीच नसतं. काकांनी इकडं तिकडं बघितलं आणि खिळ्यानं वाळूत किनारा काढला, चार खुणा काढल्या, दोन रेघा ओढल्या. कोणत्या खुणा ते आता मी इथं लिहिणार नाही. मग लगेच पायानं सगळं पुसून टाकलं. त्यांच्या घरात ते असंच शिकवतात, वाळूत काढायचं आणि पुसायचं. पण त्याआधी मी मोबाईलवर फोटो काढला होता. काकांनी तो काढताना बघितला. अडवलं नाही. त्यांना सातबारा मिळणार होता ना.

मैत्रीण तळलेल्या माशांचं ताट घेऊन बाहेर आली. वाळूकडं बघितलं, माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघितलं. "बाबा, तुमी हिला खूण दावलीत?"

"ती कागद करते हाय त्याचा," काका म्हणाले.

तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं. मासे झकास होते. मी चार तुकड्या खाल्ल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांत ती बदलली. मी आले की वही मिटायची. मधल्या सुट्टीत नाहीशी व्हायची. दोनदा ती सरांच्या खोलीतून बाहेर पडताना मला दिसली, आणि मला बघून तिनं नजर चुकवली. "कशाला गेली होतीस?" विचारलं तर म्हणाली, "असंच." असंच! सरांच्या खोलीत असंच कोण जातं? मनात शंकेची पाल चुकचुकली. तुझा विषय काय ठरला, असं मी सहज विचारल्यासारखं केलं. "अजून नाय ठरला," म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मला सगळं लख्ख कळलं. म्हणजे, मला तसं वाटलं. खडक हिच्या घरचा, बाप हिचा, विषय मात्र मी उचललेला, आता हिला पश्चात्ताप झालाय आणि ही तोच विषय माझ्याआधी सरांना देणार. माझ्या मेहनतीवर डल्ला! मेहनत कुणाची हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही, खरं सांगते. चित्र मी संगणकावर सुबक करून घेतलं होतं, किनाऱ्याच्या नकाशावर रेघा आखून. सतरा पानं टाइप केली होती. पहिल्या पानावर माझं नाव ठळक, आणि खाली 'एक स्थानिक मच्छीमार' यांच्याशी चर्चा केल्याचा उल्लेख. एक स्थानिक मच्छीमार! ज्यांच्या घरी चार तुकड्या हाणल्या, ते.

वर्गात शिकवलं होतं, की ज्यानं आधी प्रसिद्ध केलं त्याचं पारडं जड. झालं. सरांना कच्चा मसुदा दाखवायची तारीख आठ दिवसांवर होती, तेवढाही धीर मला धरवला नाही. मी सगळं इंटरनेटवर टाकलं, आमच्या वर्गाच्या ग्रुपवर लिंक दिली आणि नकाशा मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. 'माझा पहिला शोधनिबंध.' कुणीतरी विचारलं, ही सातपाटीची जागा का? मी उत्तर दिलं, "हो!" आणि पुढं एक बदाम. आता बघू कोण चोरतं ते, असं म्हणून मी त्या दिवशी जेवायला बसले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. टेबलावर माझी छापलेली पानं आणि त्यांच्या शेजारी एक हातानं लिहिलेला अर्ज होता. अक्षर मैत्रिणीचं. सर म्हणाले, "व्यापारी गुपित कसं टिकतं, सांग."

"गुप्त ठेवल्यानं, सर."

"आणि?"

एकदा उघड केलं की ते संपतं, ही पुस्तकातली पुढची ओळ मला पाठ होती.

तो अर्ज तिनं दहा दिवसांपूर्वी दिला होता. माझ्या प्रोजेक्टमध्ये खडकाच्या खुणा आणि चित्र असू नये, एवढंच तिचं मागणं होतं. सर म्हणाले होते, मसुदा येऊ दे, मी तिला सांगतो. मसुद्यापर्यंत मी थांबलेच नाही. तिचा स्वतःचा विषय भलताच होता, बाजारातल्या मसाल्याच्या पुड्यांवरची नावं.

ती जिन्यात भेटली. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला तसे जिन्यातले सगळे वळून बघायला लागले. "तुला सांगितलं असतं तर तू म्हनाली असतीस, मी जळते. तुला माणूस दिसतच नाय गो, चोरच दिसतो! सरांना विचारायला गेले, सातबारा मिळतो काय म्हणून. सर हसले. माज्या बाबांना तू खोटं सांगितलंस."

मी सगळं काढून टाकलं. निबंध काढला, स्टेटस काढलं, ग्रुपवर हात जोडले. पण ते चित्र कुणी, कुणाला, कुठं पाठवलं होतं, त्याचा मला पत्ता नव्हता. आठवड्याभरात मैत्रीण वर्गात येईनाशी झाली. फोन उचलेना. मग तिचा एकच मेसेज आला. खडकावर तीन परक्या बोटी लागल्या होत्या. थोरल्या काकांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या तांडेलांनी, ठरवून टाकलं होतं की सगळ्यांत धाकट्या भावानं जागा विकली. धाकट्याला दोन वर्षांपूर्वी स्वतःची वेगळी बोट काढायची होती, त्यावरून भांडण झालं होतं. तिघांशिवाय कुणाला माहीतच नाही, मग दुसरं कोण? धाकटा शपथा घेत राहिला. थोरल्यांनी त्याला बोटीवरून उतरवलं. तो कपड्यांची पिशवी घेऊन गुजरातला गेला, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून.

आणि तिचे बाबा गप्प होते. सगळं माहीत असून गप्प. परक्या पोरीला खूण दाखवली हे भावासमोर कसं कबूल करायचं?

मी मेसेज परत वाचला. माझी खोड अशी, की तेव्हाही मनात आलं, तीन बोटी माझ्यामुळंच आल्या हे कशावरून? धाकट्यानं खरंच विकली नसेल कशावरून? असा विचार करणाऱ्या स्वतःची मला किळस आली. घराबाहेर पडले आणि पालघरवरून सातपाटीची एसटी धरली.

भर दुपार होती. बायका वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. काका अंगणात होते, पण जाळं हातात नव्हतं. मैत्रिणीनं मला बघितलं आणि दारातून बाजूला झाली, ये म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी पिशवीतून छापलेली सतरा पानं काढली. म्हटलं, "काका, चूक माझी आहे. मी थोरल्यांना सांगते. तुमचं नाव घेणार नाही. कुठून तरी कळलं म्हणेन."

काकांनी पानं हातात घेतली. वाचता येत होतं त्यांना, सावकाश. पहिल्या पानावर बराच वेळ थांबले.

"यात मी कुटं हाय?"

मी बोट ठेवून दाखवलं. एक स्थानिक मच्छीमार.

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्या अंगणात माझा नव्हता. काका उठले, चपला घातल्या. "चल," म्हणाले. मैत्रीणही निघाली.

थोरल्यांचं घर चार घरं सोडून. ते ओट्यावर बसले होते, मोठ्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. काकांनी सतरा पानं त्यांच्या मांडीवर ठेवली, नकाशा वर करून. "दादा, खूण मी दावली. या पोरीला. धाकट्यानं नाय." मी तोंड उघडलं तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू थांब. ती लिवत होती, मी बघत होतो. मला वाटलं कागद होईल आपल्या खडकाचा."

थोरल्यांनी नकाशा बघितला. मग मला बघितलं, नखशिखान्त. "कुनी पाठवली तुला?"

"कुणी नाही. अभ्यासाला..."

"कंच्या कंपनीची? कंच्या बोटवाल्याची?"

"खरंच कुणाची नाही, काका." मी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. ते माझ्याकडं तसंच बघत राहिले. मी खरं बोलत होते, आणि ते खरं वाटावं असं माझ्याजवळ काहीही नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "मोठे बाबा, ती खोटी नाय. ती मूर्ख हाय." तिनं माझी बाजू घेतली ती अशी, आणि तीही शेवटचीच.

आतून थोरल्यांची बायको म्हणाली, "लावा की फोन त्याला." थोरल्यांनी फोन काढला. बोटं जाड, दोनदा चुकलं. मैत्रिणीनं लावून दिला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. धाकटा होता ती बोट अजून बंदरातच असावी, पलीकडं बर्फ फोडल्याचा खडखडाट ऐकू येत होता.

फोन उचलला गेला. थोरले काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"दादा, मी नाय सांगितलं रं. पोरांची शपथ घेतो. मी नाय सांगितलं."

थोरल्यांनी फोन उचलून माझ्या हातात दिला.

"काका," मी म्हणाले, "खडकाचं मी सांगितलं. चित्र मी टाकलं होतं."

बर्फाचा आवाज चालूच होता. "कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"कोन?"

मी परत सांगितलं. आडनावासकट.

"मी नाय वळखत तुला," ते म्हणाले. "दादाला दे."

मी फोन पुढं केला. थोरले तो घेईनात.